विरुद्ध चार्ज एकमेकांकडे ओढले जातात तेव्हा: ऊर्जेचं गणित कोणत्या क्रमाने सोडवावं

पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी दर पावसाळ्यात एकच गणित घालते आणि दर वेळी वर्गातून पाच-सहा वेगवेगळी उत्तरं येतात. सूत्रं सगळ्यांना पाठ असतात. गडबड होते ती क्रमात. जे चौथ्यांदा करायचं ते पहिल्यांदा केलं जातं, आणि पहिल्यांदा जे ठरवायचं ते कुणी ठरवतच नाही.

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली पुष्कळ मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पीयूसीला एकदम इंग्रजीत जाऊन पडतात. ‘पोटेन्शियल’ आणि ‘पोटेन्शियल एनर्जी’ ही त्यांना एकाच गोष्टीची दोन नावं वाटतात, एक आखूड आणि एक लांब. मराठीत एकाला विभव म्हणतात, दुसरीला स्थितिज ऊर्जा. शब्दच वेगळे, त्यामुळे गोंधळ व्हायचं कारण नाही. पण तोवर मराठी शब्द मागे पडलेले असतात. भरीला संवेग (वस्तुमान गुणिले वेग) पहिल्या वर्षी होतो आणि चार्जची स्थितिज ऊर्जा दुसऱ्या वर्षी. मधल्या सुट्टीत पहिल्या वर्षाचं पुस्तक कुणा धाकट्या चुलतभावाकडे गेलेलं असतं. या गणिताला दोन्ही लागतात.

गणित असं आहे. गुळगुळीत, घर्षण नसलेल्या आडव्या टेबलावर दोन छोटे गोळे. पहिला १० ग्रॅमचा, त्यावर +२ मायक्रोकूलोम चार्ज. दुसरा २० ग्रॅमचा, त्यावर −३ मायक्रोकूलोम. दोघांमधलं अंतर ६० सेंटिमीटर. दोन्ही स्थिर धरून एकाच वेळी सोडले. अंतर २० सेंटिमीटर उरेल त्या क्षणी प्रत्येकाचा वेग किती?

पुढचे सगळे टप्पे हेच गणित धरून आहेत. वही-पेन घेऊन बसा आणि प्रत्येक टप्प्याला स्वतः आकडा काढा.

## टप्पा १: दोन चित्रं काढा आणि कोण मोकळं ते लिहा

एकच चित्र काढून त्यावर बाण मारत सुटू नका. दोन चित्रं काढा: ‘आधी’ आणि ‘नंतर’. प्रत्येकात दोन गोळे, मधलं अंतर आणि प्रत्येकाचा वेग. ‘आधी’च्या चित्रात दोन्ही वेगांखाली शून्य लिहा. माहीत असलं तरी लिहा.

मग चित्राखाली एक ओळ: दोन्ही मोकळे आहेत, की एक जागेवर घट्ट धरलेला आहे? उत्तर निम्मं या ओळीवर ठरतं. आपल्या गणितात दोन्ही मोकळे आहेत.

इशारा: प्रश्नात ‘फिक्स्ड’ किंवा ‘हेल्ड’ हा शब्द आहे का, ते बोट ठेवून शोधा. पहिला गोळा धरून ठेवला तर दुसऱ्याचा वेग ४.२४ मीटर प्रति सेकंद येतो. दोन्ही मोकळे सोडले तर २.४५. चार्ज तेच, अंतरं तीच. एका शब्दाने एवढा फरक पडतो, आणि पर्यायांत दोन्ही आकडे दिलेले असतात.

## टप्पा २: एककं आत्ताच बदला

ग्रॅमचे किलोग्रॅम, सेंटिमीटरचे मीटर, मायक्रोकूलोमचे कूलोम. ०.०१ किलो, ०.०२ किलो, ०.६ मीटर, ०.२ मीटर, २ × १०⁻⁶ आणि −३ × १०⁻⁶ कूलोम. मध्येच बदलायला गेलात तर एखादा १०⁻⁶ सुटतोच.

दोन्ही चार्ज आणि कूलोमचा स्थिरांक (९ × १०⁹) यांचा गुणाकार एकदाच करून चौकटीत ठेवा:

९ × १०⁹ × २ × १०⁻⁶ × (−३ × १०⁻⁶) = −०.०५४

याचं एकक ज्यूल-मीटर. आता याला फक्त अंतराने भागत जायचं.

## टप्पा ३: जोडीची स्थितिज ऊर्जा, चिन्हासकट

स्थितिज ऊर्जा = स्थिरांक × पहिला चार्ज × दुसरा चार्ज ÷ अंतर

आधी: −०.०५४ ÷ ०.६ = −०.०९ ज्यूल
नंतर: −०.०५४ ÷ ०.२ = −०.२७ ज्यूल

या दोन ओळींत चार चुका होतात. प्रत्येकीकडे नीट बघू या.

पहिली चूक, अंतराचा वर्ग. बलाच्या सूत्रात वर्ग असतो, ऊर्जेच्या नाही. ०.०५४ ला ०.३६ ने भागलंत तर ०.१५ येतं, पण ते न्यूटनमधलं बल आहे. उत्तराशेजारी एकक लिहायची सवय असेल तर ही चूक जागीच पकडली जाते.

दुसरी, ही ऊर्जा दोनदा मोजणं. ‘पहिल्या गोळ्याची पीई’ (पोटेन्शियल एनर्जी) आणि ‘दुसऱ्या गोळ्याची पीई’ अशा दोन ओळी मांडून बेरीज केली की सगळं दुप्पट होतं. स्थितिज ऊर्जा जोडीची असते. गोळे दोन असले तरी त्यांच्यामधलं अंतर एकच आहे, म्हणून ओळही एकच.

तिसरी, विभव आणि स्थितिज ऊर्जा यांची अदलाबदल. विभवात एकच चार्ज येतो आणि उत्तर व्होल्टमध्ये येतं. त्याला दुसऱ्या चार्जने गुणल्यावरच ज्यूल मिळतात.

चौथी सगळ्यांत जास्त दिसते. उणे चिन्ह खोडणं. गेल्या वर्षी खानापूरहून येणाऱ्या एका मुलीच्या वहीत −०.२७ मधलं उणे खोडरबराने इतकं घासलेलं होतं की कागदाला भोक पडायच्या बेताला आलं होतं. विचारलं तर म्हणाली, “मॅडम, ऊर्जा उणे कशी असेल?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर तिच्या घरामागेच होतं: जांभ्या दगडाची विहीर.

विहिरीचा काठ म्हणजे शून्य धरा. काठाच्या खाली एक परस (माणसाच्या उंचीएवढं माप) खोल असलेल्या पायरीवरून दगड सोडला आणि पाणी तीन परसांवर आहे. दगड उणे एक परसावरून उणे तीन परसांवर गेला, म्हणजे दोन परस पडला, आणि तेवढ्या पडण्याचा वेग त्याला मिळाला. ‘उणे’चा अर्थ एवढाच की तो काठाच्या खाली आहे. आपल्या गणितात काठ म्हणजे दोन्ही गोळे एकमेकांपासून अनंत अंतरावर असणं. तिथे स्थितिज ऊर्जा शून्य. जवळ येतील तसे ते खोल उतरत जातात. −०.०९ आणि −०.२७, म्हणजे बरोबर एक आणि तीन परस. फरक एकच लक्षात ठेवा: या विहिरीत खाली जाईल तशी ओढ जास्त जास्त वाढत जाते, आपल्या घरच्या विहिरीसारखी सगळीकडे सारखी नसते.

तपासणी: चार्ज विरुद्ध असतील तर दोन्ही आकडे उणेच हवेत, आणि जवळच्या अंतराचा आकडा जास्त खोल हवा. यातलं काही उलटं दिसलं तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: एकूण ऊर्जेची एकच ओळ

गतिज ऊर्जा म्हणजे वेगामुळे असलेली ऊर्जा, ½ × वस्तुमान × वेग².

आधीची गतिज + आधीची स्थितिज = नंतरची गतिज + नंतरची स्थितिज

० + (−०.०९) = गतिज + (−०.२७)
गतिज = −०.०९ + ०.२७ = ०.१८ ज्यूल

कंस घालाच. कंस नसला की −०.०९ आणि −०.२७ यांची बेरीज होऊन −०.३६ येतं, मग वर्गमूळ काढताना मुलं अडतात आणि गुपचूप उणे पुसतात.

काही मुलं दोन्ही चिन्हं आधीच टाकून ‘मोठ्यातून लहान’ वजा करतात. ०.१८ येतं, गुणही मिळतात. पण पुढच्या गणितात सुरुवातीला वेग दिलेला असतो, आणि तिथे ही युक्ती हमखास दगा देते. बरोबर उत्तर आलं तरी मी अशी वही परत देते.

इशारा: बल गुणिले अंतर करू नका. सुरुवातीचं बल ०.१५ न्यूटन, अंतर कमी झालं ०.४ मीटर, गुणाकार ०.०६ ज्यूल. खऱ्या उत्तराच्या तिसरा हिस्सा. शेवटचं बल घेतलं तर १.३५ × ०.४ = ०.५४, म्हणजे तिप्पट. सरासरी बल ०.७५ घेऊन ०.३० येतं, तेही चूक. बल वाटेत सतत वाढत असतं, आणि वाढही एकसारखी नसते. म्हणूनच त्वरण एकसमान धरणारी पहिल्या वर्षाची गतीची तीन समीकरणं इथे चालत नाहीत. (दोन बलांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढा: ०.१५ × १.३५ चं वर्गमूळ ०.४५. त्याला ०.४ ने गुणा. बरोबर ०.१८! व्यस्त वर्गाच्या बलाला हे नेहमी जमतं. पेपरात उत्तर पडताळायला मी मुलांना हीच युक्ती देते.)

शेवटच्या टप्प्यात वेग कसा एकदम वाढतो ते डोळ्यांनी बघायचं असेल तर प्लास्टिकची पट्टी कोरड्या केसांवर घासून कागदाच्या कपट्यावर हळूहळू खाली आणा. बराच वेळ कपटा हलत नाही, मग कडेने जरा उचलला जातो आणि पुढच्या क्षणी पट्टीला चिकटलेला असतो. मधला प्रवास दिसतच नाही. आपल्याकडे हे जून ते सप्टेंबर करायला जाऊ नका, दमट हवेत पट्टीवरचा चार्ज टिकत नाही; डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या सकाळी करा. मात्र कपट्यावर स्वतःचा चार्ज नसतो, तो पट्टीमुळे तेवढ्यापुरता दोन टोकांना विभागला जातो, म्हणून वरचं सूत्र त्याला जसंच्या तसं लावू नका.

## टप्पा ५: ऊर्जेची वाटणी संवेगाने

इथवर जवळपास अर्धा वर्ग बरोबर येतो, आणि इथेच फुटतो. ०.१८ ज्यूल ही दोघांची मिळून गतिज ऊर्जा आहे. कुणाला किती?

कुणी ०.१८ पूर्ण पहिल्याला देतं आणि पूर्ण दुसऱ्यालाही देतं. कुणी निम्मी-निम्मी करतं. कुणी दोघांचा वेग एकच धरून ३.४६ मीटर प्रति सेकंद लिहितं. ऊर्जेच्या समीकरणाला यातलं काय चूक आहे ते सांगता येत नाही, कारण त्याच्याजवळ फक्त एकूण आकडा आहे. दोन अज्ञात, समीकरण एक. दुसरं समीकरण संवेगाचं.

बाहेरून कुणी ढकलत नाही, सुरुवातीला दोन्ही स्थिर होते, म्हणून एकूण संवेग शेवटपर्यंत शून्यच राहणार. दोघांचे संवेग आकड्याने सारखे आणि दिशेने उलट:

०.०१ × पहिल्याचा वेग = ०.०२ × दुसऱ्याचा वेग

म्हणजे पहिल्याचा वेग दुसऱ्याच्या दुप्पट. संवेग सारखे असले की गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात वाटली जाते: हलक्याला जास्त. वस्तुमानं १ : २, तर ऊर्जा २ : १.

पहिल्याला ०.१२ ज्यूल, वेग = (२ × ०.१२ ÷ ०.०१) चं वर्गमूळ = ४.९० मीटर प्रति सेकंद
दुसऱ्याला ०.०६ ज्यूल, वेग = (२ × ०.०६ ÷ ०.०२) चं वर्गमूळ = २.४५ मीटर प्रति सेकंद

तपासणी: दोन्ही संवेग काढा. ०.०१ × ४.९० = ०.०४९, ०.०२ × २.४५ = ०.०४९. जुळले. आता निम्म्या-निम्म्या वाटणीवाल्याचं बघा: वेग ४.२४ आणि ३.००, संवेग ०.०४२ आणि ०.०६०. न जुळणारे दोन आकडे समोर ठेवले की मुलाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मुलं विचारतात, बल तर दोघांवर सारखंच, मग ऊर्जा कमी-जास्त का? बल सारखं आणि वेळही सारखा, म्हणून संवेग सारखा. पण तेवढ्या वेळात हलका गोळा जास्त अंतर धावतो, म्हणून त्याच्यावर काम जास्त होतं. मधल्या ४० सेंटिमीटरपैकी पहिला २६.७ सेंटिमीटर येतो, दुसरा १३.३. चित्रात हे दोन आकडे घाला. वाटणीचं प्रमाण तिथेच दिसेल.

एक गोळा धरलेला असेल तर हा टप्पा गाळायचा. धरून ठेवणारा हात किंवा खिळा बाहेरून बल लावतो, त्यामुळे संवेग राखला जात नाही, आणि पूर्ण ०.१८ मोकळ्या गोळ्याला जाते.

## टप्पा ६: हेच इलेक्ट्रॉन-प्रोटॉनला लावताना

पायऱ्या त्याच, फक्त एककं सोयीची घ्या. ज्यूल आणि मीटर सोडून इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं छोटं एकक, १.६ × १०⁻¹⁹ ज्यूल) आणि नॅनोमीटर घेतले की टप्पा २ मधला चौकटीतला आकडा −१.४४ होतो. नीटला (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला) कॅल्क्युलेटर नसतो. हा आकडा पाठ असलेला बरा.

इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन १ नॅनोमीटरवरून स्थिर सोडले, अंतर ०.१ नॅनोमीटर झालं. स्थितिज ऊर्जा −१.४४ वरून −१४.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर गेली. गतिज १२.९६. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, म्हणून वाटणीत त्याच्या पदरात जवळजवळ काही पडत नाही. सगळी ऊर्जा इलेक्ट्रॉनची धरा. वेगासाठी मात्र ज्यूलमध्ये परत या: १२.९६ × १.६ × १०⁻¹⁹ म्हणजे सुमारे २.०७ × १०⁻¹⁸ ज्यूल, आणि त्यावरून वेग सुमारे २.१ × १०⁶ मीटर प्रति सेकंद. प्रोटॉनचा वेग याच्या १८३६ वा हिस्सा, सुमारे ११६० मीटर प्रति सेकंद.

इशारा: इलेक्ट्रॉन-व्होल्टमधला आकडा तसाच ½ × वस्तुमान × वेग² मध्ये घालून वस्तुमान किलोग्रॅममध्ये घेतलं तर उत्तर प्रकाशाच्या वेगाच्या कितीतरी पुढे जातं. वेग ३ × १०⁸ च्या आसपास किंवा वर दिसला की आधी एकक तपासा.

धातूच्या दोन समांतर पट्ट्यांमधल्या विभवांतराचा (विभवातल्या फरकाचा) प्रश्न याहून सोपा असतो. अंतर लागतच नाही. चार्ज गुणिले विभवांतर म्हणजे मिळालेली ऊर्जा. १०० व्होल्टमधून गेलेल्या इलेक्ट्रॉनला १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात, वेग सुमारे ५.९ × १०⁶ मीटर प्रति सेकंद. इलेक्ट्रॉन जास्त विभवाकडे जातो आणि तरीही त्याची स्थितिज ऊर्जा कमी होते, कारण त्याचा चार्ज ऋण आहे. विभव आणि स्थितिज ऊर्जा एकच समजणारे इथे हटकून अडखळतात.

## टप्पा ७: प्रश्न उलटा आला तर

‘किती वेगाने फेकला तर कायमचा सुटेल?’ सुटणं म्हणजे विहिरीच्या काठापर्यंत येणं, एकूण ऊर्जा शून्य. पहिला गोळा धरून ठेवला आणि दुसरा २० सेंटिमीटरवरून सरळ बाहेर फेकायचा असेल तर ०.२७ ज्यूल हवेत, वेग सुमारे ५.२ मीटर प्रति सेकंद. त्याहून कमी, समजा ४.२४ ने फेकला, तर त्याच्याजवळ ०.१८ ज्यूल गतिज ऊर्जा असेल. एकूण −०.०९. तो ६० सेंटिमीटरपर्यंत जाऊन थांबेल आणि परत येईल. पहिल्या टप्प्यातलाच आकडा, उलट्या वाटेने.

‘गोल फिरतोय’ असं आलं तर थांबा. हायड्रोजनच्या पहिल्या कक्षेत, ०.०५२९ नॅनोमीटरवर, स्थितिज ऊर्जा −२७.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. म्हणून गतिज २७.२ लिहिणारी मुलं दर वर्षी सापडतात. हा इलेक्ट्रॉन अनंतावरून स्थिर सोडलेला नाही, त्यामुळे टप्पा ४ ची ‘आधी शून्य’ ही बाजू इथे नाहीच. इथे विद्युत आकर्षण हेच केंद्राकडे ओढणारं बल धरून वेग काढावा लागतो, आणि गतिज ऊर्जा स्थितिजच्या आकड्याच्या निम्मी येते: १३.६. एकूण −१३.६. प्रश्नात ‘रिलीज्ड फ्रॉम रेस्ट’ आहे की ‘ऑर्बिट’, त्यावर कोणतं दार उघडायचं ते ठरतं.

## आता स्वतः

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (वस्तुमान इलेक्ट्रॉनएवढंच, चार्ज धन) १ नॅनोमीटरवरून स्थिर सोडले. ०.१ नॅनोमीटर अंतरावर प्रत्येकाचा वेग काढा. दोन चित्रांपासून सुरुवात करा.

उत्तर सुमारे १.५ × १०⁶ मीटर प्रति सेकंद आलं पाहिजे. २.१ × १०⁶ आलं असेल तर टप्पा ५ पुन्हा करा, १२.९६ पूर्णच्या पूर्ण एकाला दिली गेली आहे.